स्टॅम्प पेपरवर सही करू का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कळव्याला आईबाबांकडे राहते, मिस्टर आर्मीत हवालदार आहेत, पोस्टिंग राजस्थानला. दीड वर्ष झालं वेगळे राहतोय, डिव्होर्स वगैरे नाही. आधी पैसे यायचे, गणपतीपासून तेही बंद. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. रविवारी सासरे स्टॅम्प पेपर घेऊन आले, त्यावर लिहिलंय आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो, सही कर मग महिन्याला पाच हजार देतो, आणि युनिटला कळवलंस तर त्याची नोकरी जाईल म्हणाले. काय करू?

उत्तर: ताई, सही अजिबात करू नका. कागदाचा फोटो काढून ठेवा आणि तो तसाच परत द्या. "राजीखुशीने" हाच शब्द तुम्हाला महागात पडेल, कारण पोटगीचं जे कलम आहे, पूर्वीचं 125, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, त्यातच लिहिलंय की नवराबायको आपसात संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मागता येत नाही. मुलांचा हक्क त्याने जात नाही, पण तुमचा अडकतो.

आता नोकरीचं. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 91 प्रमाणे (ऑफिसर असेल तर 90) बायकोमुलांच्या खर्चासाठी जवानाच्या पगारातून पैसे कापता येतात, त्याला कोर्टाची ऑर्डर लागत नाही आणि ही नुसती वजावट आहे, शिक्षा नाही, त्यामुळे नोकरी जाईल ही भीती मनातून काढा, तुम्ही कुणाचं वाईट करत नाही आहात. बायकोला जास्तीत जास्त 22 टक्के, प्रत्येक मुलाला 5.5, म्हणजे तुमच्या घरात 33 टक्क्यांपर्यंत, आणि तीच वरची मर्यादा. समजा पगार भत्ते धरून 60,000 असेल तर 19,800 पर्यंत, तेवढे मिळतीलच असं नाही कारण आधी त्यांचंही म्हणणं मागवतात, पण पाच हजारांशी तुलना करून बघा.

कोर्टाचा अर्जही सोबतच टाका. तो तुम्ही राहता तिथे, म्हणजे ठाण्यात चालतो, राजस्थानला जावं लागत नाही. नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असताना मिळणाऱ्या पोटगीचा निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो, आणि 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं सांगितलंय, म्हणून महिने घालवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. युनिटकडून पैसे सुरू झाले तर कोर्टाला सांगायचं, लपवायचं नाही, ती रक्कम कोर्ट हिशोबात धरतं.

आणि हो, आर्मीच्या पगारावर दिवाणी कोर्ट जप्ती आणू शकत नाही, आर्मी ॲक्टचं कलम 28 आड येतं, म्हणून युनिटचा रस्ता सोडू नका.

अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या नावाने साध्या मराठीत नाहीतर हिंदीत लिहा, मिस्टरांचा आर्मी नंबर, रँक, युनिट, पैसे कधीपासून बंद आहेत, शाळेची फी किती, सगळं त्यात येऊ द्या. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा, पुढे कोर्टात तीच दाखवायची आहे.