दिवाळी अंकाची पानं फोटोशॉपमध्ये केली. स्क्रीनवर छान, पण छापल्यावर अक्षरं धूसर आणि काळ्या मजकुराला रंगीत कडा. काय चुकतंय?

दोन्ही दोषांचं मूळ मजकुरातच आहे. फोटो बहुधा ठीकच असणार.

पान जेपीईजी करून पाठवलं की अक्षरांचे पिक्सेल होतात. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) फोटो उत्तम छापला जातो, पण १० पॉइंटच्या देवनागरीतली बारीक वेलांटी, रफार, अनुस्वार यांच्या कडा तेवढ्यात स्वच्छ येत नाहीत. म्हणून टाइप लेयर तसेच ठेवा, फ्लॅटन करू नका (म्हणजे सगळे लेयर एकात मिसळू नका), आणि ‘सेव्ह अ‍ॅज’मधून फोटोशॉप पीडीएफ काढा. ती अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ८०० टक्के मोठी करून पाहा. कडा गुळगुळीत असतील तर अक्षरं व्हेक्टर आहेत, म्हणजे पिक्सेल न होता रेषांच्या रूपातच आहेत. पायऱ्या दिसल्या तर कुठेतरी लेयर रास्टर, म्हणजे पिक्सेलचा झालाय. तपासणीसाठी पीडीएफ फोटोशॉपमध्येच उघडू नका, तिथे अक्षरं पिक्सेलच्या रूपातच दिसतात.

रंगीत कडांचं कारण चार रंगांचं काळं. आरजीबीमधलं (स्क्रीनच्या रंगांतलं) काळं नेहमीच्या अमेरिकन स्वॉप प्रोफाइलने सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईत) नेलं की साधारण ७५, ६८, ६७, ९० टक्के होतं, म्हणजे एकूण शाई ३०० टक्के. छपाईत एखादा रंग केसभर सरकला तरी अक्षराच्या बाजूला निळी-लाल रेघ उमटते. मजकुराचा रंग हाताने ०, ०, ०, १०० असा भरा. सीएमवायके फाइलमध्येही कीबोर्डवर ‘डी’ दाबून मिळणारं काळं चार रंगांचंच असतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आणि फाइलचा रंगाचा मोड आधी सीएमवायके करा, मजकूर नंतर टाका. उलट केलंत तर शुद्ध काळं पुन्हा बिघडतं.

फोटोशॉपमध्ये नवीन फाइल करताना ब्लीडची (कापाच्या रेषेबाहेर सोडायच्या जादा कडेची) वेगळी सोय नाही. ए-४ पानासाठी कॅनव्हास २१६ × ३०३ मिमी घ्या (३०० पीपीआयला २५५१ × ३५७९ पिक्सेल), चारही बाजूंना ३ मिमीवर गाइड टाका. मजकूर कापाच्या रेषेपासून किमान १० मिमी आत हवा. चिकटबांधणी असेल तर शिवणीच्या बाजूला १८ ते २० मिमी सोडा, नाहीतर ओळींची टोकं घडीत जातात.

जोडाक्षरं फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल, आणि फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल, तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने ओळी दाटल्या की त्या एकमेकींना भिडतात. ११ पॉइंटला १६ पॉइंट लीडिंग (ओळींमधलं अंतर) द्या. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट वाचायला सुंदर आहे, शिवाय त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात.

लेखकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेलचा असेल तर तो साडेतेरा सेंटीमीटरपर्यंतच नीट छापला जाईल. पानभर ताणू नका, मूळ फाइल मागवा. शार्पन शेवटी, छपाईच्या आकारातच करा: अनशार्प मास्क फिल्टरमध्ये अमाउंट १२० टक्के, रेडियस १, थ्रेशोल्ड ३ इथून सुरुवात करा.

मुखपृष्ठ आणि चित्रांची पानं फोटोशॉपमध्ये खुशाल करा. पण सलग कथा-लेखांची पानं इनडिझाइनमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या स्क्रायबसमध्ये लावा, असाच माझा आग्रह राहील. ऐनवेळी एक परिच्छेद वाढला तर तिथे पुढची पानं आपोआप सरकतात. फोटोशॉपमध्ये प्रत्येक पान हाताने पुन्हा जुळवावं लागतं.