तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : डोंबिवली, घोडबंदर, ऐरोली की मुलुंड?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सांगलीचे. मिस्टरांना बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, जॉब लागलाय आणि माझी कंपनी मला ऐरोलीच्या माइंडस्पेसमधल्या ऑफिसला ट्रान्सफर द्यायला तयार आहे. मुलगी चार वर्षांची. मी ६ ला सुटणार, ह्यांचं ८-८.३० शिवाय काही खरं नाही. भाड्याचं बजेट ३५ हजार, अगदी ताणलं तर ३८. ह्यांचे मामा डोंबिवलीला असतात, ते म्हणतात इकडेच या, कमी भाड्यात टू बीएचके मिळेल आणि सगळी आपली माणसं. ऑफिसमधले म्हणतात घोडबंदरला बघा, नवीन टॉवर आहेत, गार्डन, स्विमिंग पूल सगळं. मला मुंबईतलं काहीच कळत नाही आणि मॅपवर तर सगळं जवळजवळच दिसतं. कुठे घ्यावं घर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुझं पत्र वाचताना मी ६ आणि ८.३० ह्या दोन आकड्यांपाशीच थांबले. म्हणजे रोज संध्याकाळी लेकीला पाळणाघरातून आणणार तू, तिला ताप आला आणि दुपारी ३ ला फोन आला तर धावणार तूच, आणि हे वर्षानुवर्षं चालणार. तेव्हा घर शोधताना पहिला प्रश्न हा, की ऑफिसातून निघून तू लेकीपर्यंत किती वेळात पोचतेस. दुसरा प्रश्न, ह्यांची रोजची वारी झेपण्यासारखी आहे का. टू बीएचके की वन बीएचके हे त्यानंतर बघू.

मॅपवर डोंबिवली आणि ऐरोली शेजारीशेजारी दिसतात ते खरंय, पण मधे डोंगर आहे आणि थेट गाडी काय नाही. डोंबिवलीहून तुला आधी ठाण्याला यायचं, पुलावर चढायचं, गर्दीतून वाट काढत ९-१० नंबर प्लॅटफॉर्मला उतरायचं आणि तिथून ट्रान्स हार्बरची वाशी-पनवेलकडे जाणारी गाडी पकडायची, मग दिघा गाव आणि मग ऐरोली. संध्याकाळी हेच सगळं उलटं, त्यात ठाण्याहून डोंबिवलीला जाणाऱ्या गाडीत शिरायचं म्हणजे काय असतं ते मामांना विचार, ते खरं सांगतील. डोंबिवली मला मनापासून आवडते, दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड, गणेश मंदिराची पाडव्याची शोभायात्रा, नाटकं, लायब्ऱ्या, क्लासेस, आपल्या माणसांना इतकं सगळं एका ठिकाणी फार कमी मिळतं. पण तिथून सकाळची फास्ट पकडणं सोपं नाही, गाडी कल्याणहून, बदलापूरहून भरूनच येते. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, त्यानंतर नवीन आलेल्या माणसाला तिथून रोज बीकेसी कर असं माझ्याच्याने सांगवत नाही. आणि तुम्ही दोघंही डोंबिवलीबाहेर असणार, म्हणजे लेक पाळणाघरात सकाळी ८ पासून रात्री ८ पर्यंत. मामा जवळ असण्याचा फायदा रविवारी होईल, पण अडचण बुधवारी दुपारी येते ना.

घोडबंदरचं थोडक्यात सांगते. घरं खरंच छान आहेत, पण तिथे रेल्वे स्टेशन नाही, कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायचं म्हणजे घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, त्यात गुजरातकडे जाणारे ट्रक-कंटेनर आणि मेट्रोचं काम. पाण्याचे टँकर किती येतात तेही विचारावं लागतं. दोघांपैकी एकाचं जरी ऑफिस ठाण्यात असतं तर मी हो म्हटलं असतं. तुमच्यासाठी नको.

माझं मत मुलुंड ईस्ट. का ते सांगते. मुलुंड आणि ऐरोलीच्या मधे फक्त खाडी आहे आणि तिच्यावर पूल आहे, तुला ट्रेनच लागत नाही, बसने जा नाहीतर गाडी चालवत असशील तर अ‍ॅक्टिव्हा काढ. संध्याकाळी पुलावर ट्रॅफिक लागतं हे धरून चाल, तरी ठाण्याला जाऊन गाड्या बदलण्यापेक्षा शंभर पटीने बरं. आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारचा टोल बंद झालाय, त्यात ऐरोली पण आलं, म्हणजे कधी कॅब करून पळत यायची वेळ आली तर तो खर्च नाही. ह्यांनी मुलुंडहून स्लो पकडायची, ठाण्याहून सुटणारी मिळाली तर अजून बरं, अर्ध्या तासाच्या आत कुर्ला. फास्ट गाडी मुलुंडला सगळ्याच थांबत नाहीत, तिच्या मागे लागू नये. कुर्ला वेस्टला उतरून बीकेसीची बस किंवा शेअर रिक्षा. हा शेवटचा तुकडा खरा त्रासाचा आहे, सकाळी रिक्षाच्या लाइनी लांबच लांब असतात आणि पावसात तर अजूनच. बीकेसीला मेट्रो आलीय असं कुणीतरी सांगेल, आलीय, पण ती आरे ते कफ परेड अ‍ॅक्वा लाइन, ती कुर्ल्याला येत नाही. मात्र कुर्ल्याला पाणी भरलं तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून अ‍ॅक्वा लाइनने बीकेसी असा वळसा आहे, लांब पडतो पण माणूस कोरडा पोचतो. ह्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

मुलुंड ईस्टमध्ये नवघर रोड, मिठागर रोड ह्या पट्ट्यात बघ, स्टेशन चालत पडेल अशा बेताने. वस्ती मराठी भरपूर, केळकर कॉलेज तिथेच, भाजी-दवाखाने-पाळणाघरं सगळं पायाखालचं. तुझ्या बजेटमध्ये जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके बसेल, टू बीएचके विसरायचं. हरिओम नगरकडे स्वस्त दिसलं तर थोडं थांब, त्या बाजूला मुलुंडचं डंपिंग ग्राउंड आहे, २०१८ मध्ये नवा कचरा टाकणं बंद झालं पण जुना ढीग उचलण्याचं काम मोठं आहे, तेव्हा संध्याकाळी वारा असताना एकदा जाऊन उभी राहा आणि खिडक्या उघडून बघ मगच ठरव.

आता जुन्या बिल्डिंगची एक गोष्ट, जी एजंट स्वतःहून सांगत नाही. मुलुंड, घाटकोपर, चेंबूर सगळीकडे रिडेव्हलपमेंटचा धडाका चाललाय. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरारावर राहणाऱ्याला बिल्डर काही देत नाही, भाडं आणि शिफ्टिंगचे पैसे मिळतात ते मालकाला, तुला फक्त महिन्याची नोटीस. ऐन परीक्षेच्या दिवसात घर बदलायची पाळी येते. म्हणून टोकन द्यायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचार, रिडेव्हलपमेंटचा विषय मीटिंगमध्ये आलाय का, बिल्डर ठरलाय का. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच करून घे, महाराष्ट्रात ते कायद्याने सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची आहे, नोटरीवर भागवू म्हणाला तर ते घर सोड. त्याच वेळी नॉनव्हेजचंही विचारून घे, मासे केलेले चालतात का म्हणून, मनात धाकधूक ठेवून राहण्यात काही अर्थ नाही.

आणि रविवारी घर बघून ठरवू नका. रविवारी सगळी मुंबई मोकळी असते. कामाच्या दिवशी या, ह्यांना संध्याकाळी ६.३० ला बीकेसीतून निघून कुर्ल्यामार्गे मुलुंडला येऊ दे, तू ६ ला माइंडस्पेसच्या गेटवरून निघ. मग बिल्डिंगच्या वॉचमनला विचार पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचार पावसात रस्त्यावर किती साचतं. कुणी जुनं माणूस भेटलं तर २६ जुलैला इथे पाणी कुठवर आलं होतं हे नक्की विचार. २००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं ते लोकांना अजून पाठ आहे, हात लावून दाखवतात.

मुलुंडचं भाडं नाहीच जमलं तर ऐरोली. सेक्टरमधले रस्ते चांगले, नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, तू आणि लेक एकदम सुखात. फक्त मग ह्यांना रोज पूल ओलांडून मुलुंड गाठायचं आणि पुढे कुर्ला, हे त्यांनी स्वतः हो म्हटलं पाहिजे, तू त्यांच्या वतीने म्हणू नकोस. घराच्या आधी पाळणाघर शोध, ते पसंत पडलं की त्याच्या दहा मिनिटांच्या आत घर बघ.

प्रश्न : ताई, आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डर भाडं देणार आहे. मला वाटतं मीरा रोडला त्या पैशात मोठा फ्लॅट भाड्याने घ्यावा, मीही तिकडेच जवळ राहतो. पण आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढे, गिरगाव सोडायला तयार नाहीत. बाबा म्हणतात एक खोली चालेल पण इथेच. कसं समजवू?
– एक वाचक, मीरा रोड

उत्तर : मला विचाराल तर समजवू नका, बाबांचं ऐका. ते दोघं दिवसभरात कुठे कुठे पायी जातात ते एकदा शांतपणे बघा, डॉक्टर, बँक, देऊळ, भाजीवाला, चौपाटीवरचं फिरणं, संध्याकाळी ज्यांच्याशी बोलतात ती माणसं. मीरा रोडच्या मोठ्या फ्लॅटमध्ये ह्यातलं एकही नसेल आणि तुम्ही तर दिवसभर कामावर असणार. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, पण मुंबईत तीनाची पाच होतात हे आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि सत्तरीतल्या माणसाची पाच वर्षं फार मोठी असतात हो. अधूनमधून येऊन जातील म्हणाल तर लोकलचा तेवढा प्रवास ह्या वयात होत नाही.

ठाकूरद्वार, खाडिलकर रोडच्या बाजूला आत्ताच शोधायला लागा, कारण चाळ रिकामी व्हायची तारीख लागली की सगळी बिऱ्हाडं एकदम घर शोधायला निघतात आणि भाडी चढतात. अट दोनच ठेवा, संडास घरात हवा, आणि घर तळमजल्यावर नाहीतर लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये हवं. भाड्यात कमी पडले तर वरचे तुम्ही घाला, तुम्हाला शक्य असेल तर. आता गिरगावला अ‍ॅक्वा लाइनचं स्टेशन पण झालंय, तुमचं जाणं-येणं थोडं सोपं होईल, म्हणजे त्यांनी तिकडे येण्यापेक्षा तुम्ही इकडे जा.

बिल्डरच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये दरवर्षी भाडं किती वाढणार, ब्रोकरेज आणि शिफ्टिंगचे पैसे कोण देणार आणि काम लांबलं तर ताबा मिळेपर्यंत भाडं चालू राहणार का, हे तिन्ही लेखी आहे ना ते वकिलाकडून वाचून घ्या. सह्या त्यानंतर.