मॉडेल ए-ची ट्रंक आणि जागा बदललेला टेललॅम्प

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे, उघडी टूरर, उजव्या स्टिअरिंगची. आरसी माझ्या नावावर असून तिचं नूतनीकरण चालू आहे. डिकी नसल्यामुळे मागे कॅरियर आणि लाकडी ट्रंक बसवून घेतली. त्यासाठी स्टेपनी मागून काढून पुढच्या मडगार्डात खोबण करून ठेवली. उजव्या मडगार्डावरचा टेललॅम्प ट्रंकेआड जाईल म्हणून तो नंबरप्लेटसकट ट्रंकेच्या झाकणावर डाव्या अंगाला घेतला. व्हिंटेज नोंदणीसाठी आरटीओत गेलो तर तोंडीच सांगितलं, 'बदल केलाय, होणार नाही, उलट दंड लागेल.' ट्रंक काढावी लागेल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. तुम्हाला ट्रंकेची काळजी आहे. मला दिव्याची जास्त आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०५ सांगतो की मागचा दिवा गाडीच्या मध्यरेषेवर किंवा उजव्या बाजूला हवा. त्याचा लाल उजेड मागून लांबवरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडून नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. तुमचा एकुलता दिवा आता डावीकडे आहे. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून तिकडच्या मॉडेल ए-चा दिवा डाव्या मडगार्डावर असतो. इथे तो चालत नाही, आणि कारण साधं आहे : रात्री मागून ओव्हरटेक करणाऱ्याला तुमची उजवी कड दिसायला हवी.

शिवाय त्या दिव्याच्या पोटात साध्या काचेची एक छोटी खिडकी असते, तिच्यातूनच नंबरप्लेटवर उजेड पडतो. चौथ्या फोटोत ट्रंकेचं झाकण उघडं आहे आणि नंबरप्लेट आकाशाकडे बघते आहे. हा फोटो अर्जाला जोडू नका, आधी दुरुस्ती करा. दिवा आणि प्लेट उजव्या मडगार्डावर मूळ ब्रॅकेटवर परत न्या. ट्रंक आड येत असेल तर ब्रॅकेट थोडा बाहेर घ्या. सुरक्षिततेसाठी डावीकडे दुसरा दिवा जादा जोडलात तर कोणी हरकत घेऊ नये. अंधार पडल्यावर टेप धरून १५ मीटरवर उभे राहा आणि नंबर वाचता येतो का ते स्वतःच बघा.

आता ट्रंक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलाला मनाई करतं, पण बदल म्हणजे काय हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलं आहे : वाहनाच्या रचनेतला असा फरक, ज्याने त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडक लावलं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, असा तो निकाल आहे. आरटीओतली मंडळी तेव्हापासून जास्तच सावध झाली आहेत आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण बंपरच्या दांड्यांना सहा बोल्टांनी धरलेलं कॅरियर हा रचनेतला बदल आहे, हे मला पटत नाही. त्या काळी फोर्डचे विक्रेते मॉडेल ए-साठी कॅरियर आणि ट्रंक जोडसामान म्हणून विकत होते. त्या वेळच्या जाहिरातीची किंवा पार्टबुकातल्या पानाची प्रत मिळवा. नियम ९३ मध्ये गाडीचा मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांपलीकडे बाहेर आलेला भाग, मोजताना सात प्रवाशांपर्यंतच्या मोटारीचं लगेज कॅरियर धरतच नाहीत. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अशी गाडी होती.

माझी खरी अडचण तिसरा फोटो आहे. मागच्या सीटमागचा पत्रा कापून आत अँगल वेल्डिंग केलेला दिसतो, ट्रंक खडखडू नये म्हणून असावा. जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी बसते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेली बसत नाही. बोल्ट पान्याने सुटतात, कापलेला पत्रा सुटत नाही. तो अँगल काढून पत्रा मूळ आकारात भरून घ्या, आधीचे-नंतरचे फोटो आणि बिल जपून ठेवा. मडगार्डाच्या खोबणीबद्दल वाद होऊ शकतो. मडगार्ड सुटा निघतो, आणि स्टेपनीची खोबण असलेले मडगार्ड फोर्डच्या काही मॉडेल ए-वर होतेच, हे अर्जात आपणहून लिहा. लपवलेली गोष्ट तपासणीत सापडली की सगळा अर्ज संशयात जातो.

तोंडी नकाराला काही अर्थ नाही. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज भरून, विम्याची प्रत जोडून पोच घ्या. निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत आहे. नकार आला तर तो कारणांसकट लेखी मागा, आणि नोटीस हातात पडल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करा. दंडाबद्दल त्यांनी सांगितलं ते कलम १८२अ(४) : प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द ध्यानात ठेवा. ट्रंक, दिवा, खोबण असे वेगवेगळे मोजले तर आकडा वाढतो.

एक गोष्ट मात्र अर्जाआधी घरात ठरवा. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये लागतात. ट्रंकेत डबे भरून कुटुंबाला दर रविवारी फिरवायचं असेल, तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत साधी नोंदणी ठेवलेली बरी.

विमा कंपनीला ट्रंकेची माहिती ई-मेलने द्या. तिसऱ्या पक्षाची भरपाई नाकारायला कलम १५० मध्ये मोजकीच कारणं आहेत, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा न कळवलेल्या बदलावरून अडू शकतो.

गॅरेजवाल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. मुदत दोन वर्षांची आहे, तेवढी शिल्लक आहे. पण तुम्ही जोडलेल्या चॅटमध्ये एका अमेरिकन गाडीच्या फोटोखाली 'दिवा अगदी अस्साच डावीकडे घ्या' हे वाक्य तुमचंच आहे.