नाक मोडलं तर पोरीला कोण करून घेईल?

लातूरला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक पालक ‘नीट’ परीक्षेच्या मार्कांपायी येतात. मुलगी बॉक्सिंग खेळते म्हणून येणारे थोडे, पण त्यांचे प्रश्न ठरलेले. तोंडावर लागलं तर लग्न कसं व्हायचं, पोटावर मार बसला तर पुढं मूल होईल का, आणि यात पोट भरतं का? औसा तालुक्यातल्या एका घराच्या निमित्तानं त्यावर लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शीतल १९ वर्षांची. धाकट्या भावाच्या क्लाससाठी लातुरात खोली घेतली आणि त्याला करून घालायला हिला सोबत धाडलं. आलीच आहे तर बी.ए.ला नाव घातलं. (प्रवेश परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चं कौतुक होतं, त्यात भाकऱ्या थापणाऱ्या या बहिणी कुठंच नसतात.) पहाटे ती पोलीस भरतीच्या तयारीला मैदानावर जायची. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. तिथल्याच एका प्रशिक्षकानं तिला बॉक्सिंगला उभं केलं आणि पुढं ती विद्यापीठाच्या संघात आली. घरी कळलं ते सुजलेल्या ओठामुळं.

“दोन स्थळं आलती मॅडम, पण पोरगी ऐकंनाच गेली,” आई म्हणाली. “नाक मोडलं तर हिला कोण करून घेईल? अन् चार महिने झाले, पाळी बी नाही. पोटात मार बसला असंल.” वडील गप्पच होते.

नाकाचं थोडक्यात सांगितलं. हौशी (अमॅच्युअर) स्पर्धांत मुली हेडगार्ड, म्हणजे डोक्याला गादीचं कवच, घालतात, तरी नाक मोडू शकतं, आणि ते बसवताही येतं. नाक बघून परत जाणारं स्थळ तसंही कशावरून तरी परत गेलं असतं, असं माझं मत. आईला ते पटलं नाही.

पोटाचं मात्र नीट समजावलं. कमरेच्या पट्ट्याखाली मारणं नियमात बसत नाही, आणि गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं. मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुलं झाली आणि २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली. सहावं जगज्जेतेपद २०१८ चं, तेव्हा ती मुलाबाळांची आई होती.

मग पाळी का थांबली? शीतलला एकटीला बसवून दिवसभराचं जेवण विचारलं. भावाला दूध, तूप लावलेली पोळी, अंडी. स्वतःला सकाळी चहा, दुपारी एक भाकरी, रात्री जमलं तर वरण. तिचं वजन एरवी ५३ च्या आसपास आणि खेळायची ४८ किलोच्या वजनगटात. वजन द्यायच्या आदल्या दिवशी पाणी बंद, अंगात रेनकोट घालून पळायचं. व्यायामाच्या मानानं अन्न कमी पडलं की शरीर पाळीच बंद करू शकतं. असंच चालू राहिलं तर हाडंही ठिसूळ होऊ शकतात. अर्थात हे मी ठरवायचं नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासण्यांत दुसरं कारण निघालं नाही, फक्त हिमोग्लोबिन बरंच कमी होतं. पोरीचा आहार हा घरात कुणाचाच विषय नव्हता.

जी भीती पालकांनी बाळगावी, ती कुणी विचारत नाही. ती डोक्याची. हेडगार्डनं जखमा कमी होतात, पण आत मेंदूला बसणारा हादरा तो थांबवत नाही. मार लागल्यावर डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, विसरायला होणं, यातलं काहीही दिसलं तर सराव बंद, डॉक्टरांनी सांगेपर्यंत. हे मी प्रशिक्षकांनाही फोन करून सांगितलं.

वडील बोलले ते तिसऱ्या भेटीत. “पगार किती असतो ह्याच्यात?”

त्यामागे एक फोन होता. पुण्याचा कुणीतरी शीतलला थेट प्रोफेशनल लढत खेळायला बोलावत होता आणि ती हुरळली होती. तिच्या मोबाईलवर केटी टेलर आणि अमांडा सेरानो या नामवंत बॉक्सरांची २०२२ मधली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची लढत होती. त्या सभागृहात बायकांची लढत मुख्य म्हणून लागली ती तेव्हा पहिल्यांदा. पण टेलर तिथं गेली ती २०१२ चं ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन. प्रोफेशनलमध्ये पगार नसतो, लढतीमागे पैसे. त्यातून मॅनेजरचा वाटा जातो. हेडगार्ड नाही, आणि बायकांच्या मोठ्या लढती दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांपर्यंत जातात.

आपल्याकडे या खेळात घर चालतं ते बहुतेक नोकरीवर, आणि नोकरी मिळते हौशी स्पर्धांतल्या पदकांवर. नांदेडहून जवळच असलेल्या निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती झाली. तेलंगणानं तिला पोलीस उपअधीक्षक केलं. एवढ्या उंचीवर हजारात एखादी पोचते, हेही वडिलांना सांगितलं. पण महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. म्हणून कुठल्याही स्पर्धेला पोरीला पाठवण्याआधी ती या हिशेबात धरली जाते का, हे क्रीडा कार्यालयात जाऊन विचारायचं. वडिलांनी हे कागदावर उतरवून घेतलं. सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या माणसाला हे बोलणं कळत होतं.

ठरलं ते असं: पदवी होईपर्यंत स्थळं बघायची नाहीत, पुण्याच्या लढतीला सध्या नकार, आणि ४८ चा गट सोडायचा. शेवटच्या अटीवर शीतल रडली, कारण वरच्या गटातल्या मुली उंच. पहिली लढत ती हरलीही. पाळी मात्र तीन-एक महिन्यांत सुरू झाली. पुण्याचा नंबर तिनं अजून ठेवलाय, आणि पदवीनंतर परत विचारणार म्हणते. विचारू दे.

दोन वेळचा स्वयंपाक करून सराव होत नाही, म्हणून भावाला खानावळीचा डबा लावला आहे. त्याचे पैसे कशातून काढायचे, यावर घरात अजून भांडण चालू आहे, आणि पुढची भेट त्याच्यासाठीच ठरली आहे.