बेसबॉलमध्ये सुरुवातीच्या पंधरा-वीस मॅचवरून टीमचा अंदाज येतो का?

तुमच्या ऑफिसातले जे लोक ‘थांब, अजून एप्रिल आहे’ (म्हणजे सीझनची सुरुवातच) म्हणतात ना, त्यांना विचारून बघा, बहुतेक सगळे २०१९ साली सिएटलमध्येच असणार. सिएटलची टीम मरिनर्स चार मॅच ओळीने जिंकली की अर्धं ऑफिस हवेत आणि अर्धं तोंड वाकडं करून बसलेलं, यातलं कोणाचं खरं मानायचं, असं तुम्ही विचारलंय. मी तोंड वाकडं करणाऱ्यांतला. पण ‘एप्रिलला काही अर्थ नसतो’ हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. अर्थ असतो, फक्त लोक तो जिंकल्या-हरल्याच्या आकड्यात शोधतात.

आधी २०१९ काय होतं ते सांगतो, म्हणजे इथल्या जुन्या फॅनची दुखरी नस कळेल. आदल्या हिवाळ्यात टीमने स्वतःच दुकान आवरायला काढलं होतं. रॉबिन्सन कॅनो, एडविन डियाझ, जेम्स पॅक्स्टन, जीन सेगुरा, सगळे दुसऱ्या टीमना देऊन टाकले. टीम बांधणारे जेरी डिपोटो उघड सांगत होते की यंदा एक पाऊल मागे घेतोय, पुढच्या वर्षांसाठी पोरं गोळा करतोय. सीझन सुरू झाला तो मार्चमध्ये टोकियोला, तिथेच मरिनर्सचा जपानी तारा इचिरो याने निरोप घेतला. आणि मग ही मोडीत काढलेली टीम पहिल्या १५ पैकी १३ मॅच जिंकली! पहिल्या २० मॅचमध्ये अशी एकही गेली नाही जिच्यात यांनी होम रन (आपल्या सिक्ससारखा थेट कुंपणापार फटका) मारला नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, असं आधी कधी झालं नव्हतं. शहरात जो तो प्लेऑफच्या बाता मारायला लागला.

मग ह्यूस्टनची टीम आली आणि तिन्ही मॅच घेऊन गेली. पाठोपाठ क्लीव्हलंड आलं, त्यांनीही तिन्ही नेल्या. सीझनअखेर हिशोब झाला ६८ विजय, ९४ पराभव, पाच टीमच्या विभागात शेवटचा नंबर. म्हणजे त्या झकास सुरुवातीनंतरच्या १४७ मॅचपैकी ५५ जिंकल्या, ९२ हरल्या. डिपोटोंवर मात्र त्या एप्रिलचा काडीचाही परिणाम झाला नाही. जूनमध्ये त्यांनी जे ब्रूस आणि एडविन एन्कार्नासियोन हे दोन मोठे फटकेबाजही देऊन टाकले. फॅन आकडे बघत होते, डिपोटो आपली टीम ओळखून होते.

आपण क्रिकेटवाले असल्यामुळे इथे एक घोळ होतो. आयपीएलमध्ये साखळीत एका टीमच्या मॅच १४. मुंबई इंडियन्स ‘पहिली मॅच देवाला’ म्हणत वर्षानुवर्षं हरत सुरुवात करते हे ठीक, पण २०१५ मध्ये पहिल्या चार हरली तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा संपला होता आणि तरी कप घेतला, म्हणून तो चमत्कार. बेसबॉलचा सीझन १६२ मॅचचा. १५ मॅच म्हणजे दहावा हिस्साही नाही. शिवाय या खेळात अत्यंत चांगली टीमसुद्धा साठेक मॅच हरते आणि रद्दी टीमही साठ जिंकते. सगळी भांडणं मधल्या चाळीसेक मॅचची असतात, आणि त्या एप्रिलमध्येच एकगठ्ठा पदरात पडल्या तर भल्याभल्यांचा अंदाज चुकतो.

नशिबाचा भाग किती असतो ते एका बॅटरवर दाखवतो. पहिल्या २० मॅचमध्ये तो साधारण ८० वेळा खेळायला येतो. त्यातले ८ वॉक धरा, म्हणजे पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) चार बॉल झोनबाहेर, बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर, टाकले आणि हा फुकटात पहिल्या बेसवर गेला. उरले ७२. त्यात १८ स्ट्राइकआउट (झोनमधला सोडलेला किंवा हुकलेला बॉल म्हणजे स्ट्राइक, तीन पडले की बाद), ३ होम रन. राहिलेले ५१ बॉल मैदानात खेळले गेले. लीगभरात अशा दहा बॉलपैकी तीनेक हिट ठरतात (बॅटर बाद न होता बेसवर पोचतो), म्हणजे याचे १५ ठरायला हवेत. होम रन धरून ७२ पैकी १८ हिट, सरासरी .२५०, चारचौघांसारखा बॅटर. आता त्यातले पाच बॉल फिल्डरच्या हातभर पलीकडून गेले एवढंच समजा. २३ हिट, सरासरी .३१९, आणि रेडिओवर त्याचं नाव ऑल-स्टारसाठी घेतलं जातंय! पोरगा तोच, बॅट तीच. उलट पाच बॉल सरळ फिल्डरच्या हातात गेले तर हाच ‘याला बसवा’ च्या यादीत.

म्हणून माझ्या स्टँडमध्ये बसणारे एक आजोबा (बोइंगमधून निवृत्त, मांडीवर पेन्सिल आणि स्कोअरची वही, स्ट्राइकआउटची खूण इंग्रजी ‘के’, पण बॅटर तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला की उलटा ‘के’ काढतात) एप्रिलमध्ये कोण किती सरासरीने खेळतोय हे बघतच नाहीत. त्यांच्या वहीत समासात वेगळ्या खुणा असतात. पिचरचा पहिला बॉल स्ट्राइक पडला का, किती वॉक दिले, आणि सुरुवात करणारा पिचर मॅचच्या नऊपैकी कितव्या इनिंगला बाहेर गेला. स्ट्राइकआउट आणि वॉक हा पिचर आणि बॅटर या दोघांतलाच मामला आहे, त्यात फिल्डरचा हात लागत नाही. त्यामुळे हे आकडे लवकर बसतात, सरासरीला मात्र अख्खा सीझनही पुरत नाही. जॉर्ज कर्बीने २०२३ मध्ये १९० च्यावर इनिंग टाकून सबंध वर्षात फक्त १९ वॉक दिले होते. असा पिचर एप्रिलमध्ये एका मॅचमध्ये तीन-तीन वॉक द्यायला लागला, तर टीम ती मॅच जिंकली तरी आजोबांच्या कपाळावर आठ्या येतात.

कितव्या इनिंगला बाहेर गेला, हे तर मी सगळ्यात वर ठेवतो. पिचर रोज चौथ्या-पाचव्या इनिंगलाच दमून बसत असेल तर उरलेल्या इनिंग बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरांच्या, डोक्यावर. एप्रिलमध्ये ते ओढून नेतात, मॅच ३-२, ४-३ अशा खिशात पडतात, सगळे खूश. त्याचं बिल जुलै-ऑगस्टमध्ये येतं, तेव्हा हात गळालेले असतात.

एका धावेच्या मॅचवरून आठवलं. बिल जेम्स नावाच्या आकडेबहाद्दराचं एक साधं गणित आहे: टीमने केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. येईल तो साधारण जिंकण्याचा दर. मरिनर्सनी २०२१ मध्ये ६९७ धावा केल्या आणि ७४८ दिल्या. गणित सांगतं पंच्याहत्तरेक विजय. प्रत्यक्षात जिंकल्या ९०! एका धावेच्या मॅचमध्ये ३३ विजय, १९ पराभव, सगळी करामत तिथली. बुलपेन भारी होतं हे खरं, पण निम्मं तरी दैव होतं, असं माझं मत. तेव्हा जिंकलेल्या मॅच मोजण्यापेक्षा धावांचा फरक बघा, हा सल्ला तुम्हाला सगळे देतील आणि तो बरोबर आहे. मात्र २०१९ च्या त्या पहिल्या १५ मॅचमध्ये धावांचा फरकही उत्तमच दिसत होता, कारण होम रन धो-धो पडत होते. खोट होती पिचिंगमध्ये आणि फिल्डिंगमध्ये. जमिनीवरून येणारे साधे बॉल हातातून सुटत होते, आणि दहा धावा केल्यावर ते कोणाच्या मनावर घेतलं जात नव्हतं. सुटलेल्या बॉलची आठवण लोकांना झाली ती हरायला लागल्यावर.

आता वाकड्या तोंडाच्या मंडळींशी माझं वाजतं ते इथे. एप्रिलमधले विजय खोटे असले तरी परत घेतले जात नाहीत. १५ पैकी १३ जिंकलेली टीम पुढे अगदी मधली, निम्म्या जिंकणारी निघाली तरी ८६-८७ वर जाते, आणि हल्ली तेवढ्यावर सप्टेंबरअखेर वाइल्ड कार्डच्या (विभाग न जिंकताही प्लेऑफला नेणाऱ्या जागांच्या) शर्यतीत राहता येतं. २०२३ मध्ये मरिनर्स ८८ जिंकले आणि शेवटची जागा टोरांटोने ८९ वर नेली. २०२४ मध्ये ८५ जिंकले, डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी ८६ वर आत गेले. दोन वर्षं ओळीने एका मॅचने बाहेर! त्या सप्टेंबरात ज्याने त्याने एप्रिलमधली एखादी हातातून घालवलेली मॅच आठवून हात चोळले. मग एप्रिलला अर्थ नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

उलट बाजूचा धक्काही त्याच २०२४ चा आहे. ह्यूस्टनची सुरुवात ७ विजय, १९ पराभव. जूनच्या मध्यावर मरिनर्स त्यांच्यापुढे दहा मॅचनी होते. विभाग शेवटी ह्यूस्टननेच जिंकला. चांगल्या टीमला वाईट महिना परवडतो, सामान्य टीमला चांगला महिना पुरत नाही, हे इथल्या लोकांनी त्या वर्षी डोळ्यांनी बघितलं.

आणि २०२५? पहिल्या दहापैकी तीन जिंकल्या. सॅन फ्रान्सिस्कोत तिन्ही हरून आले तेव्हा ऑफिसातले आशावादीसुद्धा जेवणाच्या टेबलावर दुसरे विषय काढत होते. त्याच वर्षी कॅल रॅलीने ६० होम रन मारले, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) असून! टीमने ९० जिंकून विभाग घेतला आणि अमेरिकन लीगच्या फायनलमध्ये टोरांटोला सातव्या मॅचपर्यंत नेलं. तिथे सातव्या इनिंगमध्ये टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरचा तीन धावांचा होम रन, आणि खेळ खलास. त्यावर ऑफिसात नव्या माणसाने बोलू नये, एवढं लक्षात ठेवा. आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे शेवटच्या महाफायनलला, न पोचलेली ही मेजर लीगमधली एकमेव टीम आहे, जखम ओली आहे.

ठोकताळा हवाच असेल तर इथे मेमोरियल डेचा धरतात, मे महिन्याचा शेवटचा सोमवार. तोवर पन्नासेक मॅच झालेल्या असतात. तोही काही ब्रह्मवाक्य नाही, वॉशिंग्टनची टीम २०१९ मध्ये ५० पैकी ३१ हरून वर्ल्ड सिरीज जिंकली. पण निदान तोवर प्रत्येक विभागाशी थोडंफार खेळून झालेलं असतं, नुसत्या दुबळ्या टीमना बडवून आकडा फुगलाय का ते कळतं, आणि हवाही बदलते.

हवेचं खास इथलं आहे. एप्रिलच्या संध्याकाळी टी-मोबाइल पार्कमध्ये दमट गारठा असतो. वरचं छप्पर पाऊस अडवतं, पण बाजू उघड्या, वारा आत येतोच. डावीकडे मध्यावर मारलेला बॉल उंच जातो, सगळं स्टँड उभं राहतं, आणि तो भिंतीपाशी फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये अलगद उतरतो. मग मागून कोणीतरी हमखास म्हणतं, ‘जुलैत हा गेला असता.’ तेव्हा आपले बॅटर एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर थंड वाटले तर घाबरू नका, आणि आपले पिचर अजिंक्य वाटले तर पाहुणी टीमही त्याच गारठ्यात खेळतेय हे विसरू नका.

मॅचला जावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. जाच. मंगळवार-बुधवारची गाठा, गर्दी कमी, तिकीटही बऱ्यापैकी स्वस्त. लाइट रेलच्या स्टेडियम स्टेशनला उतरून चालत जा, गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे तिकिटापेक्षा जास्त जातील. जाड जॅकेट घ्या. खायला तिखट-मीठ-लिंबू लावलेले भाजके टोळ मिळतात. २०१७ मध्ये ते आले तेव्हा एवढे खपले की एका मॅचला ३१२ डब्यांची मर्यादा ठेवली होती. मरिनर्सचा जुना दिग्गज बॅटर एडगर मार्टिनेझची आयुष्यभराची सरासरी .३१२, म्हणून. शाकाहारी असाल तर लसणीचे फ्राइज आहेत, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग नसावी. आणि पाचव्या इनिंगला बुलपेनकडे नजर ठेवा. तिथे कोणी हात मोकळे करायला उठलं नसेल, तर त्या संध्याकाळी स्कोअर काहीही असो, थोडं हवेत जायला माझी हरकत नाही.