वाचकांचे प्रश्न : मोरीचा वास, खोल समुद्रातील मासे आणि कासवाचे अश्रू

प्रश्न : आमच्या घरी बांगडा, सुरमई आणि मोरी असे सगळे मासे येतात. त्यांपैकी मोरीलाच थोड्या वेळाने नाकात झणझणणारा उग्र वास येऊ लागतो. आई ती कापल्यावर कोकमाच्या आगळात ठेवते. हा वास मोरीलाच का येतो?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तो वास अमोनियाचा असतो आणि मोरी खाऱ्या पाण्यात तग कशी धरते, यात त्याचे मूळ आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बांगडा, सुरमई, पापलेट अशा हाडे असलेल्या माशांच्या रक्ताचा खारेपणा त्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. मीठ लावून ठेवलेल्या काकडीला जसे पाणी सुटते, तसे या माशांच्या अंगातले पाणी कल्ल्यांवाटे सतत समुद्रात निघून जाते. चारी बाजूंना पाणी असूनही त्यांना धोका असतो तो सुकण्याचा. म्हणून ते समुद्राचे पाणी पीत राहतात, त्याबरोबर आत आलेले जादा मीठ कल्ल्यांमधील खास पेशींकरवी बाहेर टाकतात आणि मूत्रावाटे पाणी अगदी बेताने सोडतात. मीठ उपसण्याच्या या कामाला जन्मभर ऊर्जा खर्च करावी लागते.

शार्क आणि पाकट यांच्या गटाने, ज्यात आपली मोरी येते, वेगळी वाट धरली आहे. प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारा युरिया आपण मूत्रावाटे टाकून देतो; मोरी मात्र तो रक्तात आणि मांसात साठवते, आणि तोही माणसाच्या रक्तातील प्रमाणाच्या पन्नास पटींहून अधिक. त्यामुळे तिच्या अंगातील द्रव समुद्राच्या पाण्याइतकाच, किंबहुना किंचित अधिक संहत होतो आणि शरीरातले पाणी बाहेर ओढले जाण्याचे कारणच उरत नाही. जे थोडे जादा मीठ आत येते, ते आतड्याच्या शेवटाशी असलेल्या एका ग्रंथीतून बाहेर पडते. अडचण एवढीच की, इतका युरिया प्रथिनांची घडी विस्कटून टाकतो. त्यावरचा उतारा म्हणून मोरीच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड, थोडक्यात टीएमएओ, हा दुसरा पदार्थ असतो. दोन भाग युरियामागे साधारण एक भाग टीएमएओ असला, की प्रथिने शाबूत राहतात.

मोरी मेल्यावर जिवाणू या युरियाचा अमोनिया करतात. बांगड्यात मुळात युरियाचा असा साठाच नसल्याने तो शिळा झाला, तरी त्याचा वास निराळा असतो. आगळ आम्लधर्मी आहे आणि अमोनिया अल्कधर्मी. दोहोंच्या संयोगातून हवेत न उडणारे क्षार तयार होतात आणि वास दबतो. आईची रीत रसायनशास्त्राला पूर्णपणे धरून आहे. मात्र आगळाने वास जातो, शिळेपणा जात नाही; घरभर वास पसरवणारी मोरी विकत न घेणेच बरे.

याच गटातील बुल शार्क नदीत दूरवर शिरतो, तेव्हा रक्तातील युरिया बराच कमी करतो. ॲमेझॉन खोऱ्यातील काही पाकट तर पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यातच राहिल्याने युरिया साठवण्याची क्षमता गमावून बसले आहेत.

प्रश्न : समुद्राच्या तळाशी पाण्याचा प्रचंड दाब असतो, तरी तिथले मासे चिरडत कसे नाहीत? मासे किती खोलवर राहू शकतात?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ८,००० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ८०० किलो भार येतो. पण दाबाने चेपते ती मुख्यतः हवा. पाणी फारच थोडे चेपते. पाणबुडी चिरडण्याचा धोका असतो तो तिच्या आत हवा असते म्हणून. आपल्याकडे घोळ माशाच्या पोटातील जी हवेची पिशवी मोठ्या किमतीला विकली जाते, तशी पिशवी अतिखोल पाण्यातील स्नेलफिश या माशांना नसतेच. त्यांचे अंग बुळबुळीत, खवल्यांविना आणि पाण्याने भरलेले असते. मारियाना गर्तेतील स्नेलफिशच्या कवटीचे हाडही अपुरे बनलेले आढळले आहे.

खरा घाव बसतो तो पेशींमध्ये. दाबामुळे प्रथिनांचे आकार बिघडतात आणि त्यांचे काम अडते. इथे पुन्हा टीएमएओच कामी येतो. हाडे असलेला मासा जितक्या खोल पाण्यातला, तितके त्याच्या मांसात टीएमएओचे प्रमाण अधिक, असे मोजमापांतून दिसले आहे. पण ही वाढ अमर्याद चालू शकत नाही. सुमारे ८,२०० मीटरच्या आसपास माशाच्या अंगातील द्रव समुद्राच्या पाण्याइतकाच संहत होतो. त्याहून टीएमएओ वाढला, तर बाहेरचे पाणी उलट आत शिरू लागेल. या हिशेबावरून अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल यॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माशांची सीमा साधारण इथेच असावी, असे मांडले. पुढे २०२२ मध्ये जपानजवळच्या इझु-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटर खोलीवर स्नेलफिशचे चित्रीकरण झाले. मांडलेल्या सीमेच्या इतक्या जवळ प्रत्यक्ष मासा दिसावा, हे आम्हाला त्या विक्रमापेक्षाही मोलाचे वाटते.

१९६० मध्ये ‘त्रिएस्ते’ या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटरवर, उतरलेल्या झाक पिकार यांनी तिथे चपटा मासा पाहिल्याचे सांगितले होते. अनेक शास्त्रज्ञ आज ते मान्य करत नाहीत. तिथे जीवसृष्टी मात्र आहे. कोळंबीचे दूरचे नातलग असलेले ॲम्फिपॉड त्या तळावर सापडले आहेत.

प्रश्न : वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण अंडी घालताना रडते, असे म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : डोळ्यांतून पाणी येते हे खरे, पण ते दुःखाचे नाही. कासवाचे मूत्रपिंड समुद्राइतके खारे मूत्र तयार करू शकत नाही, म्हणून अन्नाबरोबर आलेले मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी बाहेर टाकतात. हा स्राव समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट खारट असतो. तो पाण्यातही वाहतच असतो. मादी वाळूवर आल्यावर तेवढा आपल्याला दिसतो. नराच्या डोळ्यांतूनही तो वाहतो, पण नर सहसा किनाऱ्यावर येत नाही.