स्क्रीन लुकलुकते, पण नेमकी कधी?

लिनक्स चालवणाऱ्या लॅपटॉपांची स्क्रीन लुकलुकण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्या. टिंब, खालची रेघ आणि बरोबरीचे चिन्ह जसेच्या तसे ठेवा, त्यांच्या आजूबाजूला जागा सोडू नका.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये इंटेलचे ग्राफिक्स आहे. उबुंटू टाकल्यापासून स्क्रीन मधूनच झबकते. व्हिडिओ चालू असताना काही होत नाही, पण काही वाचत बसले की दर काही सेकंदांनी झटका बसतो. पॅनेल बदलावे लागेल का?

उत्तर : पॅनेलला इतक्यात हात लावू नका. चित्र हलते तोवर ठीक आणि स्थिर झाले की झबकते, हे लक्षण पॅनेल सेल्फ रिफ्रेशचे, म्हणजे पीएसआरचे आहे. एरवी ग्राफिक्स चिप सेकंदाला ६० वेळा पूर्ण चित्र पॅनेलकडे पाठवत असते. समोरचे पान बदलतच नसेल तर ही पाठवणी वाया जाते. म्हणून शेवटचे चित्र पॅनेल स्वतःच्या मेमरीत ठेवून तेच दाखवत राहते आणि मधला दुवा झोपी जातो. बॅटरी वाचते. कर्सर हलला की दुव्याला तत्काळ जागे व्हावे लागते. काही पॅनेलांचे आणि ड्रायव्हरचे (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) या झोप-जागेवर एकमत होत नाही, आणि तो बेबनाव तुम्हाला झटक्याच्या रूपाने दिसतो.

कायमचा बदल करण्याआधी एका बूटपुरती, म्हणजे लॅपटॉप एकदा सुरू करण्यापुरती, चाचणी घ्या. लॅपटॉप सुरू होताना एस्केप एकदाच दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा (सारखे दाबत राहिलात तर मेनूऐवजी ग्रबची नुसती आज्ञा-ओळ समोर येते). मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला जा, एक जागा सोडून आय९१५.इनेबल_पीएसआर=० लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. चुकलात तरी बिघडत नाही, पुढच्या बूटला सगळे पूर्ववत असते. आता अर्धा तास तरी एखादे स्थिर पान उघडे ठेवा, चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे.

झबकणे थांबले तर सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब अशी आज्ञा देऊन ती फाइल उघडा. ‘क्वाएट स्प्लॅश’ जिथे लिहिलेले आहे तिथेच, अवतरणचिन्हांच्या आत, एक जागा सोडून हाच पर्याय जोडा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवून रीबूट करा. बहुतेकांचे इथेच फसते : कुणी पर्याय अवतरणाच्या बाहेर लिहितो, कुणी जागेऐवजी स्वल्पविराम देतो, आणि अपडेट-ग्रब विसरणारे तर कितीतरी. बदल लागू झाला का हे कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन सांगते. तिथे तुमचा पर्याय दिसला नाही, तर झबकणे थांबले न थांबले यावरून काहीच निष्कर्ष काढू नका. अलीकडच्या काही इंटेल लॅपटॉपांत आय९१५ऐवजी एक्सई नावाचा ड्रायव्हर असतो. एलएसपीसीआय -के ही आज्ञा ग्राफिक्सखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दाखवते. एक्सई असेल तर एक्सई.इनेबल_पीएसआर=० लिहा.

इंटरनेटवर सापडणारे चार-पाच पर्याय एकदम टाकायचा मोह होतो. टाळा. त्यातल्या कशाने काम झाले ते कळत नाही आणि बॅटरी मात्र सगळ्यांमुळे उतरते. पीएसआरने फरक पडला नाही तर तो काढा, मग आय९१५.इनेबल_एफबीसी=० (चित्र दाबून साठवणे बंद) बघा आणि सगळ्यात शेवटी आय९१५.इनेबल_डीसी=० (डिस्प्लेची वीज वाचवणारी गाढ झोप बंद), कारण त्याने वीज जास्त जाते. पीएसआरने काम भागले असले तरी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मोठी नवी आवृत्ती आली की पर्याय काढून एकदा पाहा. ड्रायव्हरमधली दुरुस्ती झाली असेल तर तो बाळगण्यात अर्थ नाही.

प्रश्न : झाकण मागे-पुढे केले की आडव्या रेषा येतात, एका ठरावीक कोनात चित्र स्थिर राहते. कर्नलचा कोणता पर्याय वापरू?

उत्तर : कोणताच नाही. पॅनेलची केबल बिजागरीतून जाते. ती तिथे घासली आहे किंवा कनेक्टर सैल झाला आहे. खात्री करायची तर बायोसच्या (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या, लॅपटॉपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगच्या पानावर थांबून झाकण हळूहळू हलवा. तिथे लिनक्स सुरूच झालेले नसते, तरी रेषा आल्या तर केबल बसवून घ्या किंवा बदला. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावर चित्र स्वच्छ येईल.

प्रश्न : एएमडी रायझनचा लॅपटॉप आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मोठा मॉनिटर जोडला की दोन्ही स्क्रीन पांढऱ्या होऊन लखलखतात.

उत्तर : अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. बायोस रॅममधला एक तुकडा राखून देतो, आणि त्याबाहेरची विखुरलेली रॅम जोडूनही चित्र दाखवता येते. पांढरे लखलखणे बहुधा या जोडाजोडीत होते. वर सांगितलेल्या रीतीने एएमडीजीपीयू.एसजी_डिस्प्ले=० लावून बघा. मग चित्र राखीव तुकड्यातच मावावे लागते, म्हणून बायोसमध्ये सोय असेल तर तो तुकडा वाढवा. मॉनिटर न जोडताही स्थिर पानावर झबकत असेल तर तुमच्याकडेही संशयित पीएसआरच. त्यासाठीचा पर्याय एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१० असा आहे. चार्जर काढल्यावर रंग फिके पडत असतील तर ती वीज वाचवण्यासाठी मुद्दाम केलेली तडजोड आहे, एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=० ने ती बंद होते.

प्रश्न : रात्री ब्राइटनेस कमी केला की डोळे दुखतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसतात.

उत्तर : अनेक पॅनेलांमध्ये ब्राइटनेस कमी करणे म्हणजे मागचा दिवा मंद करणे नसते. तो सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण विझवून पुन्हा लावला जातो आणि विझलेला वेळ वाढवला जातो. ब्राइटनेस १०० टक्के करा. पट्टे गेले तर कारण हेच. यात लिनक्सचा दोष नाही, दुसरी प्रणाली टाकली तरी पट्टे राहतील. उपाय असा की दिव्याचा ब्राइटनेस पट्टे दिसेनासे होतील इतका वर ठेवा आणि चित्रच गडद करा. लिनक्समध्ये चित्र स्क्रीनवर मांडणाऱ्या एक्स११ आणि वेलँड अशा दोन व्यवस्था आहेत. एक्स११ वर एक्सरँडर --आउटपुट ईडीपी-१ --ब्राइटनेस ०.६ ही आज्ञा ते करते. तुमच्या पॅनेलचे नाव नुसते एक्सरँडर चालवल्यावर पहिल्याच ओळींत दिसेल, त्यातली मोठी-लहान अक्षरे तशीच लिहा. वेलँडवर ही आज्ञा चालत नाही, तिथे लॉगिनच्या पानावरून एक्स११चे सत्र मिळत असेल तर ते निवडा. काळा-पांढरा फरक थोडा कमी होईल आणि बॅटरी जास्त जाईल, कारण दिवा खरोखर मंद झालेला नाही.